हलगी ऐकून आत्याला कसं कळलं?

कृष्णाकाठची
गेल्या महिन्यात पलूसजवळच्या आमच्या गावी गेले होते. दुपारची वेळ. आत्या सोप्यात लसूण सोलत बसली होती. वय ऐंशीच्या पुढं, डोळ्यांनी फारसं दिसत नाही. ओढ्याच्या पलीकडून हलगी ऐकू आली. मी म्हटलं, "कुणाचं तरी लग्न दिसतंय." आत्यानं हातातली कुडी खाली ठेवली, मान जरा कलती केली आणि म्हणाली, "लगीन न्हवं. मयत हाय. म्हातारं मानूस हाय."

अर्ध्या तासानं भाऊ आला आणि त्यानं तेच सांगितलं. वरच्या आळीतले एक आजोबा गेले होते.

मी सहा वर्षं तबला शिकले आहे. परीक्षा दिल्या आहेत, तीनतालातले कायदे (ठरलेल्या बोलांच्या रचना) पाठ आहेत. मला त्या आवाजात हलगी वाजतेय एवढंच कळलं. आत्या कधी शाळेत गेली नाही, तिला अख्खी बातमी कळली. विचारलं तर म्हणते, "ऐक की, कळतंय." यापुढं काही सांगत नाही.

तर इथल्या जाणकारांना विचारते, आत्यानं नेमकं काय ऐकलं असेल? तुमच्या गावात कुठलं वाद्य काय सांगतं? आणि पर्कशनला आपल्याकडे एकच असा शब्द आहे का? तालवाद्य, चर्मवाद्य, आघातवाद्य असे तीन-चार सापडले, पण एकानंही समाधान झालं नाही.

खणभाग
वाचनखूण साठवली. आमच्याकडं सांगलीत आता हलगी फक्त मिरवणुकीत. सगळ्या चाली सारख्याच वाटतात.

टिपरू
ताई, तुमच्या आत्यानं चाल ओळखली. लय नव्हं.

आमच्या घरात तीन पिढ्या हलगी हाय. एक ध्यानात घ्या, हलगी एकटी नसती. तिच्यासंगट घुमकं (घुमणारा ढोल) आन कैताळ (झांज) असतंय. मयताला आमच्याकडं घुमकं पुढं आन हलगी मागं. घुमक्याचा ठोका पडला की मधी जागा सोडायची, खांदेकऱ्यांची पावलं त्या जागेत पडत्यात. खांदा बदलायचा असला की हलगी थांबती, खांदा बदलला की परत सुरू. लग्नाच्या वरातीत हलगी अशी थांबत न्हाय, नाचणारी पोरं थांबूच देत न्हाईत. आत्याला ते थांबणं ऐकू आलं असणार.

आन म्हातारं माणूस कसं वळकलं म्हणाल तर ते सोपं हाय. तरणं माणूस गेलं तर हलगी लावतच न्हाईत. पिकल्या पानाला वाजवत न्यायचं. म्हंजे वाजली तवाच कळलं की वय झालेलं हाय.

कृष्णाकाठची
टिपरू, हे वाचून अंगावर काटा आला. मी ठोके ऐकत होते, ठोके थांबतात तेही ऐकायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. तबल्यात 'खाली' (तालातली रिकामी जागा) शिकवतात, पण ती मोजून येते.

कुस्तीच्या मैदानाचं सांगाल का? कुंडलचं मैदान लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलंय.

टिपरू
मैदानात हलगीवाला पंचाइतकाच महत्त्वाचा. जोड लागली, पैलवान हातात हात घेऊन मैदान फिरतात, तवा चाल सावकाश. लोकांना पैलवान बघून घेऊ द्यायचा. सलामी झाली, खडाखडी सुरू झाली की बारीक काडी चालू ठिवायची, टिपरू (दुसऱ्या हातातली जाड काठी) जपून. दोघं नुसतेच घुटमळायला लागले की जरा उचलायचं, म्हंजे पैलवानालाबी लाज वाटती. एकानं पट काढला (पाय धरायचा डाव टाकला) की आम्हाला कुणी सांगायला लागत न्हाय, हात आपसूक पळतोय. चितपट झाली की सगळंच एकदम.

माझं वडील म्हणायचे, हलगीवाल्याला डाव कळला पाहिजे. पैलवानाच्या खुब्याकडं बघून वाजवायचं, तोंडाकडं न्हाय. तोंड फसवतंय.

आन मैदानाच्या आधी हलगी तापवायची. चिपाडं, न्हायतर पाचट पेटवायचं आन जाळावर पान फिरवत ऱ्हायचं. मधनं मधनं टिचकी मारून बघायचं. ढब्ब असलं की अजून कच्ची. टण्ण आलं की उचलायची. आणखी घटकाभर धरली तर पान फाटून हातात नुसतं कडं ऱ्हातंय. पावसाळ्यात एका मैदानाला चार-पाच वेळा जाळ करावा लागतोय.

छातीठोक
मी मिरजेत डॉक्टर आहे. धाग्याचं शीर्षक पाहून आत आलो, कारण 'ऐकून कसं कळलं' हा आमच्या धंद्याचा रोजचा प्रश्न.

रुग्णाची छाती बोटांनी ठोकून पाहायची पद्धत इंग्रजीत पर्कशन म्हणूनच ओळखली जाते. डाव्या हाताचं मधलं बोट बरगड्यांमधल्या जागेवर घट्ट टेकवायचं आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकानं त्याच्या मधल्या पेरावर ठोका द्यायचा. हात मनगटातून हलला पाहिजे, कोपरातून नाही. ठोका दिला की बोट लगेच उचलायचं, नाहीतर आवाज तिथंच दबतो. फुप्फुसात हवा असेल तर आवाज घुमतो. न्यूमोनियानं भाग भरला असेल तर बद्द येतो. छातीत पाणी झालं असेल तर दगडावर ठोकल्यासारखा येतो, आणि बोटाखालीही तो जडपणा जाणवतो. पोटाच्या वरच्या भागात गॅस असेल तर अगदी डग्ग्यासारखा.

हे पहिल्यांदा नीट लिहून काढलं लिओपोल्ड औएनब्रुग्गर या ऑस्ट्रियन वैद्यानं, व्हिएन्नात १७६१ साली. त्याचे वडील खानावळवाले होते आणि पिंपात दारू कुठवर आहे ते पिंप ठोकून पाहायचे. पोरानं तेच माणसाच्या छातीवर लावलं. त्या काळात फार कुणी दखल घेतली नाही. १८०८ मध्ये नेपोलियनचा वैद्य कॉर्व्हिझार्ट यानं फ्रेंच भाषांतर केलं, त्यानंतर ही पद्धत पसरली.

मिरजेत वॉनलेस रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झालं, गावात दवाखान्यांची रांग आहे, आता प्रत्येक ठिकाणी सोनोग्राफी. तरीही नवीन पोरं आली की मी त्यांना आधी टेबल ठोकायला लावतो. डोळे मिटून, लाकडाखाली पाय कुठं आहे ते शोधा म्हणतो.

आवर्तन
आयडी लाखात एक आहे डॉक्टरसाहेब. आता तुम्ही जे सांगाल ते छातीठोकच.

विज्ञानवाडी
पर्कशनच्या प्रतिशब्दाबद्दल. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार प्रकार आहेत: तत, सुषिर, अवनद्ध, घन. तारेची, फुंकायची, कातडं मढवलेली आणि भरीव धातू-लाकडाची. म्हणजे हलगी, ढोलकी, मृदंग, संबळ ही अवनद्ध. टाळ, झांज, कैताळ ही घन. पाश्चात्त्यांनी या दोन्हींना पर्कशनच्या एका पोत्यात घातलं. भरतानं आवाज कशातून निघतो हे पाहिलं, त्यांनी हात काय करतो हे पाहिलं. म्हणून नेमका प्रतिशब्द सापडत नाही.

खणभाग
मग संतूर कुठं बसवणार? तारा आहेत, पण काडीनं मारतात. पियानोतही आत हातोड्याच असतात.

विज्ञानवाडी
भरताच्या हिशेबानं दोन्ही तत. हाताच्या हिशेबानं दोन्ही आघातवाद्यं. जलतरंगाला तालवाद्य म्हणणं तर चूकच, ते राग वाजवतं. मला आघातवाद्य हा शब्द त्यातल्या त्यात बरा वाटतो.

माणदेशी
आटपाडीत कुणाला आघातवाद्य म्हणा, डॉक्टरला फोन करतील. 'वाजप' म्हणतो आम्ही. "वाजप आलं का?" असं विचारलं की ढोल, कैताळ, वाजवणारी माणसं सगळं त्यात आलं.

कृष्णाकाठची
माणदेशी, 'वाजप' मला फार आवडला. माणसांसकट येतो हा शब्द.

आवर्तन
शब्दांवरून आठवलं. मी शेतकरी आहे, तासगाव भागात द्राक्षबाग आहे. आमच्या तोंडात सगळे तालाचेच शब्द, फक्त अर्थ निराळे. ताकारी-म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी सुटलं की 'आवर्तन' आलं म्हणायचं, आणि ते समेवर कधीच येत नाही. औषधाची 'मात्रा' चुकली की घड करपतात. 'ठेका' घेणारा पाइपलाइन अर्धी सोडून पळतो. आणि व्यापारी येऊन 'थापा' मारतो, त्या थापेवर आम्ही नाचतो.

खणभाग
थाप म्हणजे खोटं हे कसं झालं असेल? ढोलकीवरची थाप तर सगळ्यात खरी.

आवर्तन
भिंतीवर गिलाव्याचा थापा मारून खालची भेग झाकतात, त्यावरनं आलं असावं असं माझं मत. छातीठोक सांगणारे डॉक्टर, थाप मारणारे व्यापारी, डांगोरा पिटणारे पुढारी, स्वतःची टिमकी वाजवणारे आमचे मेहुणे. मराठी माणूस सगळं काम ठोकूनच करतो. बेण्याचा कांदा नि मडकंसुद्धा.

शाईवाला
मडक्याचं खरं आहे. माझी आई अजून बाजारात दहा मडकी टिचक्या मारून अकरावं घेते. चीर गेलेलं मडकं दिसायला धड असतं, पण आवाज खर्र येतो.

मी तबल्याच्या पुड्या (वरची चामड्याची तोंडं) बनवतो आणि दुरुस्त करतो. मिरज म्हटलं की लोकांना तंबोरा आठवतो, २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, आनंदच आहे. पण चामड्याचं काम करणाऱ्याकडं कुणी बघत नाही म्हणून इथं लिहितो.

शाई, म्हणजे पुडीवरचा काळा गोल, हा रंग नव्हे. लोहकीस आणि भाताची खळ एकत्र मळायची आणि पुडीवर थर द्यायचे. एक थर, मग दगडानं घोटायचा, घोटून घोटून वाळवायचा, मग पुढचा. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा लहान. घोटताना शाईला बारीक बारीक भेगा पडतात, त्या दिसत नाहीत पण त्या पडल्याशिवाय शाई बोलत नाही. एकसंध राहिली तर ठोकळा होतो. घाईनं वाळवली तर महिनाभरात खपली निघते. पाऊस असला की मी पुड्या करतच नाही, फक्त दुरुस्ती घेतो.

शाई पूर्ण झाली की मी गट्टे (ताण देणारे लाकडी ठोकळे) न लावता नुसती वादी (चामड्याची पट्टी) ओढून एक चाट (कडेवरचा ठोका) मारतो. त्यातच कळतं तिचा सूर पांढरी चारला (पेटीच्या चौथ्या पांढऱ्या पट्टीला) जाईल की खाली राहील.

विज्ञानवाडी
शाईवाला, तुम्ही हातानं जे करता त्यावर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलंय. मी शाळेत हेच शिकवतो म्हणून थोडं सविस्तर.

साधं कातडं कड्यावर ताणून मारलं की त्यातून मूळ स्वराबरोबर वरचे स्वर निघतात, पण ते मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा सरळ हिशेबात नसतात. साधारण १, १.५९, २.१४, २.३० असं काहीतरी वेडंवाकडं प्रमाण येतं. म्हणून कानाला 'सूर' लागत नाही, नुसता आवाज लागतो. मध्ये शाईचं वजन आलं की हेच स्वर १, २, ३, ४, ५ या सरळ प्रमाणाच्या जवळ येतात, तारेसारखे. म्हणून तबला सुरात लावता येतो. मृदंगाचंही तेच.

हलगीला शाई नाही. म्हणून तिला सूर नाही, पण कडकपणा आहे, आणि तो कडक आवाज ओढ्यापलीकडं पोचतो. टिपरू जाळावर तापवतात त्याचं कारण असं की कातडं हवेतली ओल शोषून सैल पडतं. ओल गेली की आकसतं, ताण वाढतो, आवाज चढतो.

टिपरू
आता फायबरचं पान आलंय. जाळ नको, पाऊस चालतोय. पोरं तेच घेत्यात. मीबी पावसाळ्यासाठी एक ठिवलंय. पण कातड्याची हलगी तापल्यापास्नं निवंस्तवर दहा आवाज देती, फायबर एकच देतंय.

सातारारोड
दोन दिवस धागा वाचतोय. राहवलं नाही म्हणून लिहितो.

आमच्या घरात हलगी होती. पणजोबा गावकीची वाजवायचे. दवंडी द्यायची असली तर, जत्रा असली तर, कुणी साहेब गावात येणार असेल तर, कुणी मेलं तर. हाक आली की उठायचं. घरात तापानं फणफणलेलं पोर असलं तरी उठायचं. त्याचा मोबदला सुगीत बलुतं, तेही खळ्याच्या कडेला उभं राहून, वरून ओतलेलं. जी मिरवणूक मारुतीच्या देवळापर्यंत वाजवत न्यायची, त्या देवळाच्या पायरीवर त्यांना चढता येत नव्हतं.

बाबासाहेबांचं साताऱ्याच्या शाळेत नाव घातलं गेलं ७ नोव्हेंबर १९०० रोजी. आमचे आजोबा ही तारीख आम्हा भावंडांकडून पाढ्यासारखी म्हणून घ्यायचे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर त्यांनी गावात सांगून टाकलं, इथून पुढं हलगी वाजणार नाही. त्या वर्षी सुगीला बलुतं आलं नाही. आजी शेंगा वेचायला दुसऱ्या गावाला जायची. हलगीचं कातडं आजोबांनी कापून टाकलं, आणि कडं विहिरीच्या रहाटाला बांधायला वापरलं.

तेव्हा 'हलगी काय सांगते' याचं एक उत्तर आमच्याकडूनही घ्या. ऐकणाऱ्याला ती जत्रा, लग्न, मयत सांगायची. वाजवणाऱ्याला ती 'ऊठ' एवढंच सांगायची.

मी पुण्यात ड्रमसेट वाजवतो. घरी सराव करतो तेव्हा वडील आतल्या खोलीत जातात आणि दार लावून घेतात. मला कधी 'बंद कर' म्हणाले नाहीत. मीही त्यांना 'ऐका' म्हणत नाही.

कृष्णाकाठची
सातारारोड, मी मूळ पोस्ट लिहिताना हे माझ्या मनातही नव्हतं, आणि असायला हवं होतं. आत्या ऐकून ओळखते कारण ती ऐकणाऱ्यांच्या घरातली आहे. वाजवणारा कोण होता हे मी तिला विचारलंच नाही. तुम्ही लिहिलंत, मनापासून आभार.

टिपरू
सातारारोड दादा, जय भीम.

तुमच्या आजोबांनी जे केलं त्याला ताकद लागती. आमच्या आजोबांनी सोडली न्हाय. आमच्याकडं दुसरं काय नव्हतंच. पण माझ्या वडलांनी एक ठरवलं: जिथं बोलावणं, तिथं आधी सुपारी ठरणार, पैसे हातात, आन चहा कपात, मांडवात बसून. एका गावानं वरनं चहा ओतला तवा वडील वाजप घेऊन अर्ध्यातनं माघारी आले. नवरदेव घोड्यावर बसला होता. त्या गावात आम्ही पुढं कधी गेलो न्हाय.

आता आमच्या पथकात सगळ्या जातीची पोरं हायती. एक मराठ्याचा हाय, एक धनगराचा. माझ्या पोरानं शिकवलंय त्यांना. हे बरं झालं का वाईट, मला सांगता येत न्हाय. पण पैसे सगळ्यांना सारखे वाटतो.

सातारारोड
टिपरू, तुमच्या वडलांना माझा नमस्कार सांगा.

लोणंदकर
वारीतला मृदंगही पाहा.

माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम, मग तरडगाव, फलटण. लोणंद-तरडगावच्या मध्ये चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. मी सोळा वर्षं दिंडीत मृदंग वाजवतोय. गळ्यात पट्टा, पायात काही नाही, समोर रांगेनं टाळकरी. शंभर माणसं 'ज्ञानोबा माउली तुकाराम' म्हणत चालत असतात, पाय डांबरावर भाजत असतात. मृदंग पळाला की माणसं पळतात. मृदंग रेंगाळला की म्हाताऱ्यांचे गुडघे अडखळतात. म्हणून मृदंगी मागं बघत बघत वाजवतो. शेवटच्या रांगेतल्या आजी कशा चालतायत ते बघून ठेका धरायचा.

सकाळी निघताना डाव्या तोंडाला कणीक लावायची, बोटानं थापून गोल करायची. दुपारी ऊन लागलं की ती वाळते, आवाज कोरडा पडतो, पाणी लावून परत मळायची. मुक्कामाला पोचलं की खरवडून काढायची. एका वर्षी तरडगावच्या अलीकडं धो धो पाऊस लागला, पान भिजून पोतं झालं. आवाजच नाही. तेव्हा टाळकऱ्यांनी नुसत्या पावलांवर चाल धरली. पाण्यातनं शंभर पायांचा छप-छप. मी मृदंग पोटाशी धरून चालत होतो, आणि वाजवायची गरज नव्हती.

मेणवली घाट
मृदंगाचा विषय निघालाच आहे तर वाईकडचं सांगायलाच हवं. पखवाजाचे पानसे घराणे ज्यांच्या नावानं ओळखलं जातं ते नाना पानसे वाईजवळच्या बावधनचे. एकोणिसाव्या शतकातले. पुढं इंदूरच्या दरबारी होते. उत्तरेत पखवाज म्हणजे धृपदाची साथ, देवळातला ठेका. आपल्याकडं कीर्तनात मृदंग आधीपासून होताच. बावधनमध्ये रंगपंचमीला बगाड निघतं, लाखो लोक येतात, त्यातल्या किती जणांना माहीत असेल की आख्ख्या हिंदुस्थानात नाव झालेला पखवाजी याच गावचा? गावात कुठं तरी एक पाटी असायला हवी असं मला फार वाटतं.

माणदेशी
आमच्याकडं आरेवाडीला बिरोबाच्या बनात गजी ढोल ऐका एकदा. ढोल पोटाशी बांधून माणूस वाजवतो नि नाचतो, दोन्ही. आणि रात्री ओवी सुरू होते, 'सुंबरान मांडलं' म्हटलं की ढोल खाली येतो, अगदी हळू, कारण आता कथा ऐकायची असते. कडव्याच्या शेवटी पुन्हा उठतो. ओवी सांगणारा दम घेतो तेवढाच वेळ ढोल बोलतो. मेंढरं रानात असताना रात्री लांडगा जवळ आला तर हाच ढोल बडवतात, तेव्हा त्याला चाल नसते. मेंढराला दोन्ही कळतं. कुठल्या ढोलाला पळायचं आणि कुठल्या ढोलाला बसून राहायचं.

गाडीवान
मिरज जंक्शनवर नोकरी केली, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. गाडी लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एक माणूस प्रत्येक चाकावर ठोका देत जायचा. चाक धड असेल तर घंटेसारखा आवाज. तडा असेल तर मेलेला. रात्री दोन वाजता झोपेतले प्रवासी चिडायचे. त्यांना ठाऊक नसायचं की हा माणूस त्यांच्या जिवासाठी चाक वाजवतोय.

छातीठोक
गाडीवान, तुमचा तो माणूस माझा सहव्यवसायी.

अजिंक्यतारा
एवढं सगळं छान चाललंय, पण साताऱ्यात गणपतीत येऊन बघा. डीजेच्या भिंती लागतात, काचा थरथरतात. नियम आहेत, २००० सालचे. रहिवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. कोण पाळतं? आमच्या गल्लीतल्या एका हृदयरुग्णाला विसर्जनाच्या रात्री गावाबाहेर पाहुण्यांकडं नेऊन ठेवतात, दर वर्षी.

खणभाग
पण मग ढोल-ताशा पथकं काय कमी आहेत का? शंभर ढोल एका चौकात!

अजिंक्यतारा
ढोलवाल्याचे हात दुखतात. डीजेचे दुखत नाहीत. फरक एवढाच, पण मोठा आहे.

लोणंदकर
हे पटलं.

खणभाग
अवांतर: पालीच्या खंडोबाला वाघ्यांच्या हातातली दिमडी (लहान डफ) कुणी जवळून पाहिली आहे का? पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं म्हणतात.

शाईवाला
असायचं. पातळ आणि चिवट, म्हणून आवाज धारदार यायचा. घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, आता बकऱ्याचं लावतात. माझ्याकडं पौषाच्या जत्रेआधी वाघ्ये दिमड्या मढवायला आणतात. म्हातारे म्हणतात, आवाज गेला. मी म्हणतो, घोरपड राहिली.

कृष्णाकाठची
मंडळी, परत मूळ प्रश्नाकडं येते, कारण सांगण्यासारखं घडलंय.

टिपरूंनी मला चार ध्वनिमुद्रणं पाठवली. नावं न घालता, फक्त एक, दोन, तीन, चार. त्यांच्याच पथकाची. मी रविवारी गावी गेले आणि फोन आत्याच्या कानाशी धरला.

पहिलं ऐकलं, लगेच म्हणाली, "मैदान. पैलवान फिरत्यात अजून, लागली न्हाय कुस्ती." मी टिपरूंना विचारलं, बरोबर. दुसरं ऐकून म्हणाली, "देवाची पालखी. चढ चढत्यात." हे ऐकून मीच उडाले. टिपरू म्हणाले, हो, ती टेकडीवरच्या देवीची, पायऱ्यांवर वाजवलेली, आम्हालाही दम लागलेला. तिसरं मयताचं, ते तिनं पुरतं ऐकलंही नाही. फोन बाजूला सारला आणि पदर तोंडाला लावला. त्यात काकांची आठवण असणार, मी पुढं विचारलं नाही.

चौथं मात्र तिला येईना. तीनदा ऐकलं. कान फोनला घासून ऐकलं. मग म्हणाली, "ह्यो मानूस कुणासाठी वाजवतोय? फुडं कोन न्हाय त्येच्या."

टिपरू, ते कशाचं होतं?

टिपरू
ताई, काय बोलू. त्यो माझा पोरगा हाय. घरात एकटाच, दार लावून, फोनवर टाकायला म्हणून वाजवलंय. समोर कोण नव्हतंच.

आत्यांना विचारा, पुढच्या मैदानाला येतील का. मी गाडी पाठवतो. पोराला त्यांच्या समोर उभा करतो.

कृष्णाकाठची
विचारलं. म्हणते, "हलगी कातड्याची आसंल तर यीन."

टिपरू
कातड्याचीच. चिपाडं आधीच गोळा करून ठिवतो.